हेड गॅस्केट आणि शालनताईंचं बोट

शिरवळच्या मीटिंगमध्ये मी खोक्याची टेप ब्लेडनं कापली, झाकण उघडलं आणि मोठ्या आत्मविश्वासानं खोकं टेबलाच्या मधोमध सरकवलं.

"सर, ही आमच्याकडची सॅम्पल. तुमच्या पीसशी ताडून बघू."

खोक्यात चिवडा होता.

जाड पिशवीत बांधलेला, दोन किलो तरी असेल. वर चिठ्ठी होती, 'सीमा, मीठ कमी वाटलं तर सांग.' दिवाळी दहा दिवसांवर आली होती. बायकोनं साताऱ्यातल्या बहिणीसाठी फराळ पाठवायचा म्हणून खोकं भरलं होतं, आणि खोकं कुठलं घेतलं तर आमच्याच कंपनीचं, मीच कधीतरी घरी आणून टाकलेलं. पहाटे सांगलीच्या विश्रामबागेतून निघताना दारात दोन सारखी खोकी होती. दोन्ही घ्यायची होती. तेवढ्यात फोन आला, एका हातात फोन आला म्हणजे दुसऱ्या हातात एकच खोकं आलं. गॅस्केटचं खोकं घरी राहिलं.

समोरच्या इंजिन कंपनीच्या क्वालिटीचे मॅनेजर कदम माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. हसणं त्यांच्या कामाच्या यादीत नसावं. त्यांनी पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"माने साहेब, याचं ड्रॉइंग आहे का?"

टेबलाभोवतीची बाकीची तीन माणसं मात्र हसली. मी खोकं मिटून पायाशी ठेवलं. बावीस वर्षं मी कुपवाडच्या एका छोट्या कारखान्यात गॅस्केट करतोय, प्रॉडक्शन आणि क्वालिटी दोन्ही माझ्याकडं, आणि गंभीर तक्रारीच्या मीटिंगची सुरुवात मी अशी केली होती.

हेड गॅस्केट म्हणजे काय हे मी लग्नाच्या पंगतींत खूपदा समजावून सांगितलंय, आणि ऐकणारा दर वेळी मठ्ठा आणायला म्हणून उठून गेलाय. तरी सांगतो. इंजिनाचे दोन मोठे भाग. खाली ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. वर हेड, म्हणजे त्या ब्लॉकचं झाकण. दोन्ही कितीही गुळगुळीत केले तरी एकावर एक ठेवून बोल्ट आवळल्यावर बारीक फट राहतेच. त्या फटीत बसतं ते गॅस्केट. त्याच्या मोठ्या भोकांत आग असते, शेजारच्या लहान भोकांतून पाणी जातं, आणखी लहान भोकांतून ऑइल. भिंतीला भिंत लावून राहणारी ही तीन बिऱ्हाडं. कुणी कुणाच्या घरात डोकवायचं नाही, एवढंच गॅस्केटनं बघायचं.

आमच्या मालकांच्या, म्हणजे आण्णांच्या, वडिलांच्या काळी तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस घालून गॅस्केट व्हायचं. अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांना वाईट, तो गेला. मग ग्रॅफाइट आलं. पत्र्याला किसणीसारखे काटे काढायचे आणि दोन्ही अंगांनी ग्रॅफाइटचा थर रोलरखाली दाबायचा, की काटे त्यात रुतून बसतात. ते काम आमच्याकडं अजून चालतं. पण नव्या इंजिनांना लागतं ते स्टीलच्या तीन पातळ पत्र्यांचं गॅस्केट. पत्र्याचं कॉइल येतानाच त्यावर रबराचा काळा थर असतो, नेलपॉलिशएवढा. प्रेसखाली एका डायनं त्यातून आकार आणि भोकं कापायची. दुसऱ्या डायनं भोकांभोवती बारीक वरंबा उठवायचा. शेवटी तिन्ही पत्रे रिव्हेटनं जोडायचे. डाय म्हणजे साचा, करंजीच्या साच्यासारखा दोन भागांचा. फरक एवढाच, की तो उचलायला चेनब्लॉक लागतो आणि वरून दाब शंभर टनांचा येतो.

त्या वरंब्याला बीड म्हणतात, आणि सगळं गॅस्केट त्या बीडच्या जिवावर चालतं. उंची पाव मिलिमीटर. वहीची दोन-तीन पानं एकावर एक ठेवा, तेवढी. बोल्ट आवळले की बीड दबतो आणि स्प्रिंगसारखा उलटा रेटतो. तो रेटा भोकाच्या सगळ्या बाजूंनी सारखा पाहिजे. एका जागी बीड बसका राहिला तर आग तिथून वाट काढते, पाण्यात शिरते, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात.

कदमांच्या टेस्टिंगला लावलेल्या सहा इंजिनांपैकी दोनांत बुडबुडे आले होते.

त्यांनी स्क्रीनवर फोटो लावला. प्रेशर फिल्म नावाचा एक कागद मिळतो, दाब पडेल तिथं गुलाबी होणारा. गॅस्केटसोबत तो घालून बोल्ट आवळायचे, पुन्हा सोडायचे आणि कागद बघायचा. भोकाभोवती पुरी गुलाबी रिंग उमटली तर पास. फोटोत तीन नंबरच्या सिलिंडरची रिंग एका जागी तुटलेली होती. गुलाबी, गुलाबी, मग अर्धा-पाऊण सेंटिमीटर पांढरं, पुन्हा गुलाबी.

"फायनल इन्स्पेक्शन कोण करतं तुमच्याकडं?"

"शालनताई. पंचवीस वर्षांच्या वर झाली त्यांना."

"कशानं करतात?"

"उंची मोजायचं गेज आहे. पण प्रत्येक पीसवर त्या हात फिरवतात."

"हात?"

"म्हणजे... बोट."

कदम म्हणाले, "माने साहेब, आपण इंजिन बनवतो. पापड नाही."

मग त्यांनी लॅपटॉपवर मीटिंगचे मुद्दे टाइप केले आणि प्रिंट माझ्यापुढं ठेवली. कारण: मॅन्युअल इन्स्पेक्शनमधली चूक, तपासणाऱ्या व्यक्तीचं दुर्लक्ष. उपाय: मॅन्युअल इन्स्पेक्शन बंद, कॅमेऱ्याचं मशीन बसवणार. "शनिवारी मी कुपवाडला येतो. डाय, गेज, सगळं बघून हा पॉइंट क्लोज करू. सही करा."

मी सही केली. निम्मी सही चिवड्याच्या शरमेनं, निम्मी तिथून लवकर सुटायच्या घाईनं. येताना साताऱ्यात मेव्हणीच्या घरी खोकं पोचवलं. त्या दिवशी बरोबर झालेलं काम तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी आण्णांना सगळं सांगितलं. आण्णांचं वय पासष्ट. अजून रोज सकाळी साडेआठला कारखान्यात येतात आणि पहिल्यांदा प्रेसशॉपमधून फेरी मारतात, मग खुर्चीत बसतात. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"शालन चुकली?"

"तसं त्यांचं म्हणणं आहे."

"आणि सही तुमची हाय."

"हो."

"बाबांनी घेतलेली बाई ती. बेदाणा निवडायला जायची तासगावला. शेडमध्ये शंभर बायका निवडत बसायच्या आणि ही एकटी डोळे झाकून काडी काढायची. बाबा बेदाणा बघायला गेले हुते, बाई घेऊन आले." त्यांनी कागदाची घडी घातली. "कॅमेरा आज ना उद्या घ्यायचाच हुता. घेऊ. शालनला पॅकिंगला घाला. दीड वर्ष ऱ्हायलंय तिचं. तुमीच सांगा, माने. मला काय ते तोंड व्हायचं न्हाई."

मलाही व्हायचं नव्हतं. पण माझ्याखाली सांगायला कुणी नव्हतं.

शालनताईंचं टेबल उत्तरेच्या खिडकीपाशी आहे. डाव्या हातात सुती मोजा, उजवा हात उघडा. डावीकडून पीस उचलायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटानं प्रत्येक भोकाभोवती एक फेरी मारायची, उजवीकडच्या ट्रेमध्ये ठेवायचा. बघणाऱ्याला वाटावं, बाई गॅस्केटवर रांगोळीची रेघ ओढतायत. मध्ये एक तिसरा लहान ट्रे असतो. जिथं बोट अडखळेल तो पीस त्यात. घरी त्या भांड्यांना तारेची घासणी लावत नाहीत, बोटं खरबरीत होतात म्हणून. त्यांची सून आम्हाला एकदा म्हणाली होती, "आमच्या आत्याबाईंची बोटं कंपनीची हायत. घरात नुसती ऱ्हायला येत्यात."

मी स्टूल ओढून बसलो. हवापाण्याचं बोललो. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली. त्यांनी पीस खाली ठेवला.

"सायेब, तुमी गुडघ्याचं इचारलासा म्हंजे कायतरी वंगाळ हाय. सांगा."

मी सांगितलं. शिरवळ, बुडबुडे, पांढरी जागा, कॅमेरा, पॅकिंग. कागदावर काय लिहिलंय तेही सांगितलं, कारण त्या विचारणारच होत्या.

त्यांनी खाली ठेवलेला पीस पुन्हा उचलून बघितला. मग म्हणाल्या, "तीन लंबरच्या होलापाशी ना? वरच्या अंगाला?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"आवं, म्या सांगितलं हुतं की तुमास्नी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. दोनदा आले मी तुमच्याकडं. म्हणलं, हितं बोट खाली जातंय. तुमी म्हणलासा, ताई, गेज बगा, बोट काय बगतासा."

मला आठवलं. नको तितकं स्पष्ट आठवलं. त्या दिवशी गाडी लागली होती, माल भरायचा होता. नव्या सेटिंगचा, म्हणजे डाय प्रेसवर चढवल्यावरचा, पहिला पीस मीच गेजवर मोजला होता. ड्रॉइंगप्रमाणं प्रत्येक भोकाभोवती चार जागी उंची मोजायची असते, घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी. चारही बरोबर आल्या होत्या. शालनताईंनी ऐंशीएक पीस मधल्या ट्रेमध्ये वेगळे ठेवले होते. मी ते माझ्या हातांनी उचलून चांगल्या मालात मिसळले आणि वर म्हणालो होतो, "दसऱ्याचा शीण दिसतोय तुमच्या बोटात."

विनोद केला होता. हसलो पण होतो.

"पॅकिंग तर पॅकिंग," शालनताई म्हणाल्या. "उबं ऱ्हायला लागंल, ऱ्हाईन. पण सायेब, तेवढं एक करा. माझं ध्यान नव्हतं असं कागदावर नगा ऱ्हाऊ दिऊ. इतकी वर्सं ह्या टेबलावर बसले. जाताना मागं त्यो कागूद नगं."

मी म्हणालो, "चला, डाय बघू."

हे मी फार विचार करून म्हणालो नाही. बसून राहवेना एवढंच. ती डाय त्या मालानंतर प्रेसवरून उतरवून रॅकवर ठेवली होती. प्रेसवरच्या माणसानं चेनब्लॉकला लावून ती खाली आणली, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि तो चहाला गेला. खालच्या भागात गोल खाचा असतात. वरच्या भागाची धार पत्र्याला त्या खाचेत दाबते, तेव्हा बीड उठतो. मी टॉर्च मारला. स्वच्छ, चकचकीत. मला काही दिसलं नाही.

शालनताईंनी पदराला हात पुसला आणि तीन नंबरच्या खाचेत बोट घातलं. हळूहळू फिरवत आणलं. बाराच्या पुढं, एकच्या आसपास, बोट थांबलं.

"हितं भरलंय कायतरी."

त्यांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली. तिच्या टोकानं खाच कोरली. बारीकसा खपला निघाला, अर्ध्या नखाएवढा. खाचेच्या लोखंडाशी रंग मिळालेला, म्हणून टॉर्चमध्ये दिसला नव्हता. त्यांनी तो तळहातावर उलटा केला. खालून पिवळा होता, कडेला लालसर.

नाकाशी नेला. "हळद हाय."

अजून एकदा कोरलं. तांदळाचा अर्धा दाणा निघाला.

इथं मला आमच्या खंडेनवमीबद्दल सांगायला पाहिजे. त्या दिवशी आमच्याकडं मशिनं बंद. सगळी घासून पुसून, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. नियम असा, की डाय मिटलेली ठेवायची आणि पूजा बाहेरून करायची. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण आण्णांच्या वडिलांपासून पाळला जातो. यंदा ही नवी डाय नुकतीच आली होती. खाचा अशा, की तोंड बघून घ्यावं. इतकी देखणी वस्तू मिटून काय पुजायची, असं मला वाटलं. मी ती उघडायला लावली. झेंडू मांडला. ओल्या हळदकुंकवातल्या अक्षता चिमटीनं टाकायच्या तर मी मूठ सोडली, फोटो भरलेला दिसावा म्हणून. फोटो काढला, स्टेटसला ठेवला. एकवीस जणांनी अंगठे पाठवले. मी मोजले होते.

दसऱ्यानंतर डाय फडक्यानं पुसली गेली, पण वरवर. एक दाणा खाचेत राहिला. शंभर टनांखाली त्याचं पीठ झालं, पीठ हळदीनं ओलं, ते खाचेत सिमेंटसारखं बसलं. तेवढ्या जागी बीड पुरा उठेना. आणि ती जागा नेमकी माझ्या गेजच्या दोन जागांच्या मध्ये. पुढं पीस निघत गेले तसं ते थोडं थोडं झडत गेलं, म्हणून सुरुवातीचा माल खराब आणि नंतरचा बरा.

शालनताई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. पूजेच्या दिवशी त्या तिथंच होत्या, मीच त्यांना माझा मोबाइल दिला होता फोटो काढायला. त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मूठ मिटली.

"टाकू का सायेब?"

आवाज इतका साधा होता, की मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. शेजारी कचऱ्याचा डबा होता. त्यांनी मूठ उघडली असती तर डाय स्वच्छ होती, कागदावर माझी सही होती आणि कारण म्हणून त्यांचं दुर्लक्ष होतं. सगळं जागच्या जागी बसत होतं. गाडी तशीच पुढं गेली असती. एक क्षण मी त्या डब्याकडं बघितलं. खोटं कशाला सांगू, एकापेक्षा जास्त क्षण बघितलं.

"नका टाकू," मी म्हणालो. "थांबा. कागद आणतो."

तो खपला आणि अर्धा दाणा मी कागदाच्या पुडीत बांधला, अंगाऱ्यासारखा. "अजून कुणाला बोलू नका," असं त्यांना सांगितलं आणि आण्णांच्या केबिनकडं निघालो. जाताना दोनदा वाटेत थांबून मशिनं बघितली. ती नीट चालली होती.

आण्णांपुढं पुडी उघडली. सगळं सांगितलं. खंडेनवमी, उघडी डाय, मूठभर अक्षता, शालनताईंचे वेगळे काढलेले ऐंशी पीस, ते मिसळणारा मी. आण्णांनी चष्मा लावून पुडीतला दाणा बघितला.

मग म्हणाले, "फोटू दावा."

मी मोबाइलवर फोटो काढून दिला. त्यांनी लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.

"चांगला आलाय," म्हणाले.

"आण्णा, शनिवारी कदमांना काय सांगायचं? बाहेरचा कण अडकला एवढंच लिहिलं तरी चालेल. खोटं नाही ते."

"कसला कण म्हणून इचारलं तर?"

"विचारणारच ते."

"मग?" आण्णांनी मोबाइल परत केला. "माने, माल परत आला तर पुन्हा करून दिऊ. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं बघू. त्या कागदावरनं शालन निघाली पायजे. बाकी तुमचं तुमी बगा, मी मधी बोलायचो न्हाई."

त्या मालातला निम्मा भाग अजून कुपवाडातच होता. शालनताईंनी गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी दिवसभर तो पुन्हा हाताखालून काढला. चांगला एकीकडं, शंकेचा एकीकडं. शंकेचे चाळीसच्या वर निघाले. मी प्रत्येक ढिगाला चिठ्ठी लावली. एरवी असलं काम मी सांगून करून घेतो. त्या दिवशी ढीगही मीच उचलत होतो. कंबर दोन दिवस बोलत होती.

शनिवारी कदम आले, बॅगेत फिल्मचा रोल घेऊनच. चहा घेतला नाही. मी त्यांना पुडी दाखवली, डाय दाखवली, आणि सांगायला लागलो. मध्येच त्यांनी हात वर केला.

"एक मिनिट. म्हणजे डायमध्ये तांदूळ?"

"अक्षता."

"टाकल्या कुणी?"

"मी."

"आणि यांनी वेगळे काढलेले पीस परत मिसळले..."

"तेही मीच."

"बुधवारी तर तुम्ही सही केलीत, तपासणाऱ्याचं दुर्लक्ष म्हणून."

"सही माझी आहे. दुर्लक्षही माझंच होतं. नाव तेवढं चुकीचं पडलं."

कदमांनी दोन्ही ढिगांतून स्वतःच्या मनानं पीस निवडले. आमच्या टेस्ट ब्लॉकवर एकेक आवळून फिल्म काढली. दोन तास गेले. शंकेच्या ढिगातल्या प्रत्येकाला तीन नंबरच्या रिंगमध्ये पांढरी फट होती, कुठं मोठी, कुठं केसाएवढी. चांगल्या ढिगातल्या सगळ्या रिंगा पुऱ्या गुलाबी. कदम त्या गुलाबी कागदांची रांग बघत बसले. मग शालनताईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"मला जमेल का हे?"

"बसा की." शालनताईंनी स्टूल पुढं केलं. शंकेतला एक पीस त्यांच्यापुढं ठेवला, त्यांचं बोट धरलं आणि भोकाभोवती फिरवलं. "लागलं?"

"नाही."

"पुन्यांदा. दाबू नगा. दाबलं की तुमचंच बोट तुमाला लागतंय. लेकराच्या कपाळावर ताप बगतासा न्हवं? तसं."

कदमांना चार वर्षांची मुलगी आहे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. बोट हळू फिरत गेलं. एकच्या जागी आल्यावर कपाळावर आठी पडली. बोट मागं गेलं, पुन्हा तिथं आलं.

"इथं... काहीतरी कमी आहे."

"व्हय," शालनताई म्हणाल्या. "तेवढंच."

कदम पहिल्यांदा हसले. मग बुधवारचा कागद काढून त्यांनी कारणाची ओळ आडवी खोडली आणि माझ्याकडून पुन्हा लिहून घेतली. मी लिहिलं: पूजेतल्या अक्षतांचा दाणा डायच्या खाचेत, डाय उघडणारे आणि तपासणीतली शंका डावलणारे, प्रॉडक्शन इनचार्ज. खाली पुन्हा सही. या वेळी सुटायची घाई नव्हती, म्हणून अक्षर नेहमीपेक्षा बरं आलं.

"कॅमेरा मात्र लागेल," कदम म्हणाले. "वरून नियम आहे, माझ्या हातात नाही. पण दर सेटिंगचा पहिला पीस यांच्या हाताखालून गेल्याशिवाय प्रेस चालू करायचा नाही. तसं लिहितो. ताई, पूर्ण नाव सांगा."

"शालन आनंदा सुतार." आणि जरा थांबून, "सायेब, ह्ये चुकीच्या रकान्यात न्हाई न्हवं लिवत?"

"नाही. जबाबदारीच्या रकान्यात."

शालनताईंनी मान हलवली आणि पुढचा पीस उचलला.

कॅमेऱ्याचं मशीन डिसेंबरात आलं. ते शालनताईंच्या टेबलाशेजारीच उभं आहे. त्याला दर तासाला काच पुसून लागते, ती शालनताई पुसतात आणि म्हणतात, "ह्येचे डोळे आले बगा पुन्यांदा." त्यांचं टेबल खिडकीपाशी आहे तिथंच आहे. खराब माल आम्ही बदलून दिला. ऑर्डर चालू आहे. यातून धडा काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: गेज चार जागी थांबून मोजतं आणि मधलं सोडतं, बोट मधलं सोडत नाही. आणि डायची पूजा करायची तर मिटलेल्या डायची करावी. देवाला आतलं दिसतंच.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी आलो ते जरा छाती काढूनच. बायको लसूण सोलत बसली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. आण्णांपुढं कशी पुडी उघडली, कदमांपुढं कसा 'मी' म्हणालो, कागदावर कसं स्वतःच्या हातानं लिहून दिलं. एखादं वाक्य मूळ प्रसंगापेक्षा घरी जास्त चांगलं झालं असेल.

तिनं सगळं ऐकून घेतलं. सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या.

"आणि शालनताईंना काय म्हणालात?"

मी आठवायला लागलो. 'नका टाकू' म्हणालो होतो. 'थांबा' म्हणालो होतो. 'कुणाला बोलू नका' म्हणालो होतो. दोन दिवस त्यांच्यासमोर ढीग उचलले होते. त्यापलीकडं काही सापडेना.

"उद्या रविवार आहे," बायको म्हणाली. "त्या घरी असतील. सकाळी जाऊन या. आणि मी काही येत नाही बरं का बरोबर. मी असले की तुम्ही विनोद करता."